आबांनी बंद केलेलं पाणी

मंजूषाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. इकडे बीडला दुपार कलत होती, म्हणजे तिच्याकडे कॅनडात अजून नीट उजाडलंही नसणार. इतक्या अवेळी ती फोन करत नाही. "आई, आबा गेले," एवढंच म्हणाली. मंजूषा माझी सून. आबा म्हणजे तिचे वडील, लिंबाजीराव, माझे व्याही. पाटोद्याच्या पलीकडे त्यांचं गाव. सकाळी धारा काढल्या, दूध संस्थेत दूध घातलं, घरी येऊन ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि तांब्या येईपर्यंत कलंडले. ना दवाखाना, ना कुणाला त्रास. गावातल्या पुतण्यानं आधी मंजूषाला कळवलं आणि तिनं मला.

मंजूषा मिळेल त्या विमानानं निघाली. ती वाटेत असतानाच माझ्या नातीचा, जुईचा, फोन आला. जुई आता कॉलेजात जाते. मराठी चांगलं बोलते, फक्त जरा जपून, काचेची भांडी मांडावीत तसं. म्हणाली, "आजी, आईला सांगणार नसशील तर एक विचारू?" मी म्हटलं, विचार. "आई इतकी रडली. बाबांच्या पण डोळ्यांत पाणी आलं. मला रडूच येत नाहीये. मला आबा आठवतच नाहीत गं. फोटो बघितला तर कुणाचे तरी मिशीवाले आजोबा वाटतात. मी वाईट आहे का?"

मी तिला 'नाही गं' म्हटलं, पण तेवढं काही उत्तर नव्हे. जन्मभर बीडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. प्रश्न अर्धवट सोडायची मला सवय नाही. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे, जुईसाठी आणि तिच्या धाकट्या भावासाठी, ज्यानं आबांना फोनच्या काचेतच पाहिलं. वर्तमानपत्रात इतरांनीही हे वाचलेलं आबांना आवडलं असतं. रविवारची पुरवणी ते शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करत.

आबांची आणि माझी खरी ओळख मुलांच्या लग्नाच्या दिवशी झाली. लग्न त्यांच्या दारात होतं. आमची मंडळी पोचली, चहा झाला, हळदीची वेळ होत आली आणि मुलीचा बाप कुठं दिसेना. आमच्याकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. बऱ्याच उशिरानं एक जीप धुरळा उडवत मांडवाच्या दाराशी आली. मागं दुधाचे कॅन आणि कॅनांच्या मधे, नव्या फेट्यासकट, आबा! दूध नेणारी गाडी घाटात बंद पडली होती. दूध शीतकरण केंद्रावर वेळेत पोचलं नाही तर नासणार आणि नासलं की गावातल्या प्रत्येक घराचा तो दिवस गेला. ते स्वतः गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. लेकीचं लग्न सोडून जीप घेऊन घाटात गेले. तोवर केंद्र बंद झालं होतं. मग सगळ्या गावाचं दूध मांडवात आणून आचाऱ्यापुढं ओतलं आणि म्हणाले, "बासुंदी कर. गावाच्या पैशाचं मी बघतो." मंजूषाची आई तेव्हा होती. ती सर्वांदेखत म्हणाली, "बघा विहीनबाई, ह्यांना लेकीच्या आधी दूध!" आबा नुसते मिशीत हसले आणि माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, "मॅडम, राग धरू नका. लेक तुमची झाली, तिला तुमी हाव. दुधाला कोन हाय?" मला खरं तर रागच आला होता. पण त्या बासुंदीची आठवण आमच्याकडचे लोक अजून काढतात.

तेव्हापासून ते मला मॅडमच म्हणत. मंजूषाची आई पुढं दोन-तीन वर्षांतच गेली. त्यानंतर आबा एकटे आणि त्यांची संस्था. मंजूषा आणि माझा मुलगा अभिजित परदेशी गेले, तिकडं जुई झाली. आबांनी ती फोटोतच पाहिली. मग आलं छावण्यांचं वर्ष. सलग दुसऱ्यांदा पाऊस फिरकला नव्हता. विहिरी कोरड्या, माजलगावच्या धरणात तळ दिसत होता, आणि त्या भागात जो काही ऊस उभा होता तो कारखान्याला जायच्या ऐवजी ट्रक भरभरून जनावरांच्या छावण्यांकडं जात होता. आबांच्या संस्थेनंही छावणी घातली होती, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं वळलं की उजव्या हाताच्या माळावर. चार-पाच गावांची जनावरं आणि जनावरांबरोबर माणसं. आबा घरी जातच नसत. पत्र्याच्या खोपटात खाट टाकून राहत.

नेमकं त्याच उन्हाळ्यात मंजूषा जुईला घेऊन आली. अभिजितला रजा नव्हती. जुई पाच वर्षांचीही नव्हती. आबा पहिल्या दिवशी तिला भेटायला बीडला आले ते छावणीतून थेट. धोतर, डोक्याला रुमाल, भरघोस मिशा, अंगाला उसाच्या पाचटाचा आणि शेणाचा वास. आणि आवाज तर असा की अंगणातून बोलले तरी मागच्या दारी ऐकू यावं. "कुठंय माझी बाय?" म्हणत त्यांनी हात पसरले आणि जुईनं किंकाळी फोडली. आईच्या मागं लपली ती लपलीच. आबा दोन-तीनदा आले. प्रत्येक वेळी तेच. एकदा तर ती नाक धरून इंग्रजीत काहीतरी म्हणाली. आबांनी मंजूषाला विचारलं, "काय म्हनली गं?" मंजूषा म्हणाली, "काही नाही आबा, झोप आलीये तिला." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुमाला इंग्रजी येतं. तुमी सांगा." मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मंजूषाचा जीव तुटत होता. परतीची तारीख जवळ येत चालली होती आणि बाप-लेक दोघांनाही माहीत होतं की पुन्हा येणं कधी होईल ते सांगता येत नाही. एकदा तरी ही पोर आबांच्या जवळ जावी, त्यांना आबा म्हणावी, इतकंच तिला हवं होतं. तिनं गावी जाऊन राहायचं काढलं तर आबांनीच मोडता घातला. "लेकराला आंघोळ घालायला पानी न्हाई तिथं. कशाला आनतीस? उद्या तिकडं जाऊन सांगंल, माझ्या आजोबाच्या घरी पानी पन न्हाई." मग मी मध्ये पडले. जुईला तिकडच्या शाळेनं एकदा विज्ञान संग्रहालय दाखवलं होतं आणि ती येता-जाता त्याचंच बोलायची. मी म्हटलं, औरंगाबादला असं एक संग्रहालय आहे. सगळे मिळून जाऊ. तिची आवडती जागा असेल, मुलं असतील, तिथं ती घाबरणार नाही. दिवसभर एका गाडीत बसलो की ओळख होईल. आबांनी फोनवरच आधी कुणाला तरी टँकरची वेळ विचारली. छावणी सोडून दिवसभर जायचं म्हणजे... मग म्हणाले, "येतो. संध्याकाळी पानी सोडायला कुनीतरी बघंल."

त्या सकाळी आबा दारात आले तर मी क्षणभर ओळखलंच नाही. कोरं करकरीत धोतर, इस्त्रीचा सदरा आणि वास अत्तराचा. इतकं अत्तर की जुईला शिंका सुरू झाल्या. हातात मात्र पाण्याचा मोठा कॅन होता. मी म्हटलं, "आबा, वाटेत पाणी मिळतं." ते म्हणाले, "मिळतं, पन दुसऱ्याच्या दारात पानी मागायचे दिवस न्हाईत हे." कॅन त्यांनी पायाशी ठेवला आणि ड्रायव्हरशेजारी बसले. जुई माझ्या आणि मंजूषाच्या मधे. संपूर्ण रस्ताभर त्यांनी मान वळवली नाही. आधी मला वाटलं, रागावलेत. मग ध्यानात आलं, ते आरशातून तिला बघत होते. मागं वळलं तर ती रडेल म्हणून.

संग्रहालयात जुई फुलूनच गेली. वेड्यावाकड्या आरशांपुढं ती स्वतःला बघून खिदळली, मग आबांच्या मिशा आरशात वीतभर झाल्या तेव्हा त्या मिशांना हसली. आबांनी लगेच मिशा हलवून दाखवल्या. आरशातल्या आबांची तिला भीती वाटत नव्हती. वळून खऱ्यांकडं बघितलं आणि पुन्हा मंजूषाचा पदर धरला. एका दालनाच्या दोन टोकांना दोन मोठ्या तबकड्या होत्या. एकीपाशी हळू बोललं की दुसरीपाशी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. मी आबांना समजावलं, अगदी कानात बोलल्यासारखं बोला. आबांनी तोंड जवळ नेलं आणि "जुईऽऽ!" सगळं दालन वळून बघायला लागलं. मंजूषा कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, हळू म्हणजे हळू! गोठ्यात हाक मारत नाही आहात." आबा ओशाळून म्हणाले, "हळूच बोललो की गं."

मग जुईला पाण्याचं यंत्र सापडलं. एक लांबलचक उघडी पन्हळ, तिच्यात वरून पाणी पडायचं, छोटी छोटी चाकं फिरायची, मुलांनी लाकडी फळ्या लावून पाणी अडवायचं, वळवायचं, सोडायचं. जुई बाह्या भिजवून त्यात रमली. आम्ही दोघी शेजारच्या बाकावर टेकलो. आबा मात्र उभेच होते. त्यांची नजर जुईवर नव्हती, पन्हळीच्या दुसऱ्या टोकावर होती. तिथं पाणी सारखं एका जाळीतून खाली जात होतं आणि त्या टोकाला एकही मूल नव्हतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. विजेच्या खांबावर कुणाचं मूल चढलेलं दिसावं तसा तो झाला होता. ते पन्हळीच्या मागं गेले, खाली वाकले आणि एक खटका ऐकू आला. पाणी थांबलं. चाकं थांबली. जुईनं मान वर करून पाहिलं, मागून आबा बाहेर येताना दिसले आणि तिनं जो टाहो फोडला...

तिथला एक कर्मचारी धावत आला. आबा त्यालाच रागे भरले, "अहो, लेकरू एका टोकाला खेळतंय आन दुसरीकडून समदं वाया चाललंय, दिसत न्हाई का तुमाला?" तो मुलगा भला होता. म्हणाला, "काका, ते वाया जात नाही. खाली टाकी आहे, मोटार आहे. तेच पाणी पुन्हा वर येतं." "तेच?" "तेच. फिरत राहतं." आबा पुन्हा वाकले, जाळीतून खाली बघितलं, बराच वेळ बघितलं. मग उठून मंजूषाला एवढंच म्हणाले, "हात आपोआप गेला गं माझा." यंत्र पुन्हा सुरू झालं, पण जुई त्याच्याजवळ जाईना. आबांकडं बोट दाखवून म्हणायची, ह्यांनी मोडलं. दिवस ज्यासाठी काढला होता ते सगळं त्या एका खटक्यात पुसलं गेलं. आबा बाहेर जाऊन झाडाखालच्या पारावर बसले.

आम्ही डबे उघडले तेव्हा त्यांनी भाकरी मोडून घेतली, खाल्ली नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. छावणीतला टँकर आला होता, पण संध्याकाळी पाणी कुणी सोडायचं यावरून दोन गावांच्या लोकांत जुंपली होती. आपली जनावरं आधी, आपली आधी. चेअरमन आल्याशिवाय आम्ही टाकीच्या कॉकला हात लावू देणार नाही, म्हणत होते. आबा उठले. मंजूषा इतके दिवस काही बोलली नव्हती, ती तिथं फुटली. "जा आबा, जा. माझ्या लग्नात दूध होतं, आता पाणी आहे. आमचा नंबर कधी लागायचाच नाही तुमच्याकडं." आबांनी तिच्याकडं पाहिलं. ते मला म्हणाले, "मॅडम, मी एसटीनं जातो. तुमी लेकराला समदं दाखवा." मी घड्याळ पाहिलं. जे पाहायचं ठरवलं होतं त्यातलं अर्धं राहिलं होतं. पण अर्धं राहिलेलं पाहून काय मिळणार होतं? मी म्हटलं, "एसटीनं नको. सगळेच जाऊ. छावणीच बघू." ते नको नको म्हणत होते, धूळ हाय, वास हाय, लेकरू भिईल. मंजूषा म्हणाली, "घाबरू दे. आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

बीड मागं टाकून आम्ही मांजरसुंब्याला वळलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. छावणी मी पहिल्यांदाच बघत होते. माळभर बांबूचे मांडव, हिरव्या जाळ्या, त्यांखाली रांगाच रांगा गाई-बैलांच्या. ऊस चावून चावून त्यांच्या जिभा सोललेल्या, तोंडाला फेस. दावणीला बायका बसलेल्या, दगडाच्या चुली मांडलेल्या. मधोमध सिमेंटचा लांब हौद, कोरडा, आणि त्याच्या डोक्यावर भरलेली टाकी. हौदाभोवती माणसं तावातावानं भांडत होती. आबा गाडीतून उतरले आणि त्यांचा तो आवाज, ज्याला आम्ही दिवसभर दाबून ठेवलं होतं, तो माळावर मोकळा सुटला. "काय बे, जनावरं तान्हेली आन तुमी नंबर लावायलाव? गाभन गाई पुढं घ्या. मंग वासरंवाल्या. बाकीची मागून. गावाचं नाव कुनी घ्यायचं न्हाई." कुणी पुटपुटलं, कुणी हसलं, पण माणसं हलली. जुई मंजूषाच्या कडेवरून टक लावून बघत होती. इथं तो आवाज कुणाला घाबरवत नव्हता. उलट तो ऐकून जनावरं कान उभारून हौदाकडं तोंड करत होती.

आबांनी कॉकवर हात ठेवला आणि थांबले. मग मागं आले, आमच्यासमोर, जुईपासून चार हात लांब, धुळीत उकिडवे बसले. तिच्याकडं बघितलं नाही. मंजूषाला म्हणाले, "तिला सांग, मगाशी मी पानी बंद केलं. चुकलं माझं. आता तिनं चालू करावं. ह्यांना लई तान लागलीय." मंजूषानं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. जुईनं गाईंकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, पुन्हा गाईंकडं. आणि खाली उतरली. कॉक जड होता. आबांनी तो आधी थोडा ढिला करून ठेवला आणि हात मागं घेतला. जुईनं दोन्ही हातांनी जोर लावला, गाल फुगवले... आणि पाणी आलं. धो धो आलं.

मग जे झालं ते सांभाळायला आम्हा कुणालाच वेळ मिळाला नाही. गाभण गाई एकदम पुढं आल्या, ती मोठाली डोकी, शिंगं, फुरफुर, आणि जुई दचकून मागं पळाली ती सरळ आबांच्या धोतरात. त्यांच्या मांडीला दोन्ही हातांची मिठी मारून उभी राहिली. आबा हलले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. कुणी हात लावला तर पाखरू उडेल, तसे ते नुसते उभे होते. थोड्या वेळानं तिनं तोंड बाहेर काढलं आणि आपल्या मोडक्या मराठीत ओरडली, "आबा! सगळं पितात ते! संपवतात!"

आबा म्हणाले, "पिऊ दे बाय. त्यांचंच हाय."

"मग परत वर येतं?" तिनं टाकीकडं बोट केलं.

"न्हाई. हे जातं ते जातंच. म्हनून तर मी मगाशी येडा झालतो."

त्यानंतर अंधार पडेपर्यंत ती त्यांच्या खांद्यावर होती. वासरांना नावं दिली, सगळी इंग्रजी. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आबा, कुनाची पोर?" आबा म्हणाले, "माझी. दुसऱ्या कुनाची असंल?" निघताना त्यांनी तिला मंजूषाच्या हातात दिलं, अत्तर केव्हाच उडून गेलं होतं आणि अंगाला पुन्हा तोच वास होता. जुईनं नाक धरलं नाही. मंजूषा गाडीत बसल्यावर रडत होती. काच खाली करून म्हणाली, "आबा, मघाशी बोलले ते..." आबा म्हणाले, "खरंच बोललीस. नीट जा."

तीन दिवसांनी त्या दोघी गेल्या. पुढं पाऊस पडला, छावणी उठली. आबा आणि जुई पुन्हा कधी समोरासमोर आले नाहीत. एकदा येणं ठरलं ते अभिजितच्या नोकरीपायी राहिलं, एकदा साथीमुळं. फोनवर ते फक्त विचारायचे, "दूध पितीस का?" आणि ती "हो" म्हणायची आणि फोन आईला द्यायची. पाच वर्षांच्या मुलीला किती आठवणार? त्यात तिचा दोष नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी मंजूषाबरोबर आबांच्या घरी होते. माणसं पांगली होती. ती म्हणाली, "आई, जरा संस्थेपर्यंत जाऊन येऊ." संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. आबांची खुर्ची तशीच होती, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. आवारात जनावरांसाठी हौद बांधलेला आहे, तिथं एक तरुण बाई दोन म्हशी घेऊन आली होती. तिनं कॉक फिरवला, पाण्याची धार पडली आणि ती गळा मोकळा करून ओरडली, "जुई आलीऽऽ! जुई आलीऽऽ!" कोपऱ्यावरच्या गाई वळल्या. गल्लीतून आणखी दोघं-तिघं जनावरं हाकत यायला लागले आणि तेही तसंच ओरडत होते.

मंजूषा जागच्या जागी थांबली. मी त्या बाईला विचारलं, "ही जुई कोण?"

"कुनास ठावं," ती म्हणाली. "मी औंदाच लग्न होऊन आले हिथं. पानी सोडलं की असंच म्हंतेत. आबा म्हनायचे ना छावनीपासून. जनावरांना बी तेच कळतंय, दुसरी हाक दिली तर येत न्हाईत."

तिकडे तेव्हा सकाळ होती. मंजूषानं जुईला फोन लावला आणि तो सरळ हौदाकडं धरला. हाक सुरूच होती. गाई येत होत्या. थोड्या वेळानं फोनमधून जुईचा आवाज आला, "आई? आई, तिथं मला कोण बोलावतंय?"

मंजूषानं फोन माझ्यापुढं केला. मी फोन घेतला.